बदलीवाल्या काकूंचं होमपेज

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकूंच्या हाती सोपवली, तर त्या आमची लखनौची अख्खी तेलीबाग वस्ती जुन्या चादरींत गुंडाळतील, सुतळीने आवळतील, एका ट्रकात बसवून देतील, आणि पोचल्यावर एका कपाचा कान तुटलेला निघणार नाही, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. काका फौजेत सुभेदार होते. दर दोन-तीन वर्षांनी बदलीची ऑर्डर यायची आणि काकू संसार खोक्यांत भरायच्या. काका निवृत्त झाले, लखनौत फ्लॅट घेतला, तिथेच वारले. पण काकूंची नजर काही निवृत्त झाली नाही. कुठलीही वस्तू दिसली, की ती कशी बांधावी हाच विचार त्यांच्या डोक्यात आधी येतो. माझ्या ऑफिसातल्या एका लग्नाला त्यांना घेऊन गेले होते. बाया नवरीचे दागिने बघत होत्या आणि काकू मान वर करून हॉलचं झुंबर बघत होत्या. "अगं, याचे लोलक एकेक करून पायमोज्यांत घालायला लागतील," त्या माझ्या कानात म्हणाल्या. नवरीला आशीर्वाद द्यायला गेल्या तेव्हाही तिच्या कानात काहीतरी पुटपुटल्या. मला वाटलं, सुखी राहा वगैरे असेल. नंतर कळलं, डिनर सेटचं खोकं फेकू नकोस, असं सांगून आल्या होत्या.

खोक्यांचा तर त्यांना नादच आहे. एकदा चौक बाजारात मी चिकनकारी भरतकामाच्या कुर्त्यासाठी दुकानदाराशी घासाघीस करत होते, तर या बाई आत जाऊन त्याच्या गोदामातली रिकामी खोकी निवडत बसल्या. निवडतात म्हणजे काय, चक्क वास घेतात! बिस्किटाच्या खोक्यात पुस्तकं भरायची नाहीत, मुंग्या येतात. साबणाच्या खोक्यात डाळ-तांदूळ नाही, हे वेगळं सांगायला नकोच. "भैया, ये वाला सीला हुआ है, सूखा दीजिए," असा त्यांचा हुकूम, आणि तो चौकातला मुरलेला व्यापारी, ज्याने माझ्या कुर्त्यावर एक पैसा सोडला नव्हता, तो "जी अम्मा, जी अम्मा" करत खोकी पुसून देत होता. परतताना रिक्षात काकू, त्यांची खोकी आणि उरलेल्या जागेत मी. माझा कुर्ता दुकानातच राहिला.

काका गेल्यावर मुलगा त्यांच्या मागे लागला, की आई, आता बंगळुरूला चल. मुलगा चांगला आहे, सूनही चांगली आहे. पण काकू हटेनात. लखनौत काय ठेवलंय असं त्यांना पुष्कळांनी विचारलं. मीही एकदा विचारलं. त्या वाटाणे सोलत होत्या. मान खालीच ठेवून म्हणाल्या, "आयुष्यभर दुसऱ्याच्या ऑर्डरीवर हलले गं. सामान लावून होतंय तोवर पुन्हा बांधायचं. हे पहिलं घर, जिथे मी भिंतीत खिळा ठोकला तेव्हा काढायचा कधी, असा विचार केला नाही. आता कोणाच्या सांगण्यावरून मी हलायची नाही." मग त्यांनी धंदा काढला. लखनौत फौजेतली माणसं, रेल्वेतली माणसं, केंद्र सरकारातली माणसं. म्हणजे बदल्यांना काय तोटा? त्यांची घरं बांधून द्यायची. मुलगाही काही कमी नाही. त्याला मराठी सगळी समजते पण बोलतो हिंदीत. फोनवर म्हणाला, "ठीक है आई, इस सीज़न में एक क्लायंट लाकर दिखाओ। पूरा घर पैक करवाए, फीस दे। और वेबसाइट से आना चाहिए। मंदिर वाली आंटी नहीं चलेगी।" नाही आला तर पावसाळ्याआधी फ्लॅट भाड्याने द्यायचा आणि बंगळुरू गाठायचं, अशी पैज ठरली. काकू फोन ठेवून सरळ खाली माझ्याकडे आल्या. मी सरकारी खात्यात वेबसाइटीच सांभाळते ना! "चल, उघड तुझा तो डबा," असं म्हणून त्यांनी माझ्या लॅपटॉपसमोर खुर्ची ओढली.

पहिल्याच दिवशी आमचं वाजलं. मी सांगितलं, काकू, होमपेज म्हणजे दुकानाचं दार. माणूस आत आला की आधी काय दिसेल ते ठरवू. तर म्हणतात, "छे! आधी लागणारं शेवटी भरायचं असतं." ट्रकचा नियम आहे म्हणे. उतरल्याबरोबर चहाचं भांडं लागतं, म्हणून ते सगळ्यांत शेवटी दाराशी ठेवायचं. पलंगाच्या फळ्या आधी आत. तेव्हा वेबसाइटही तळापासूनच भरायची. मी इतकी वर्षं हे काम करतेय, पण पानाच्या बुडाला पत्ता लिहिण्यापासून होमपेजला सुरुवात केली, असं माझ्या हातून कधी झालं नव्हतं. गंमत म्हणजे वर पोचेपर्यंत काकूंना नेमकं कळलं होतं, की ऑर्डर हातात पडलेल्या बाईला पहिल्यांदा काय हवं असतं. मी मोठ्या हौसेने लिहिलं होतं, 'आपका सामान, हमारी ज़िम्मेदारी'. त्यांनी ते वाचलं आणि नाक मुरडलं. "सगळी ज़िम्मेदारी आपली? आणि तिचा नवरा काय करणार, पंख्याखाली बसणार?" ते खोडून त्यांनी सांगितलं ते असं: 'बदली का ऑर्डर आ गया? पहले चाय पी लीजिए।' आणि त्याखाली, 'रोना हो तो आज रो लीजिए, कल से पैकिंग है।'

फोटोचं तर विचारूच नका. मी एक छानसा फोटो शोधला, नवरा-बायको आणि दोन मुलं खोक्यांवर बसून हसताहेत असा. काकू चष्मा लावून बराच वेळ बघत राहिल्या. "हे हसतायत कशाला? बदली झालीय की लॉटरी लागलीय?" मग त्यांच्या पसंतीचा फोटो काढायला त्यांनी माझ्या नवऱ्याला कामाला लावलं. बिचारे रविवारी सकाळी बिछान्याच्या होल्डॉलवर बसून, मांडीवर वर्तमानपत्र पसरून, घामाघूम होऊन पुरी-भाजी खाताहेत, असा फोटो होमपेजवर गेला. ऑफिसात त्यांना आजही त्यावरून छळतात. काकूंचं म्हणणं एकच, "बघणाऱ्याला वाटलं पाहिजे की यांना ठाऊक आहे."

इथपर्यंत मी सगळं सोसलं. पण त्यानंतर बाईंनी फोटोखाली आपली सगळी विद्या ओतली. ताटं आडवी रचायची नाहीत, उभी भरायची, म्हणजे फुटत नाहीत. फ्रिज आदल्या दिवशी बंद करून दार उघडं ठेवायचं आणि न्यायचा उभाच. लोणच्याच्या बरणीला आधी प्लास्टिक, मग फडकं, मग सुतळी, आणि तिला बादलीत बसवून चहूबाजूंनी नवऱ्याचे स्वेटर. मी कपाळाला हात लावला. "काकू, अहो, सगळं फुकट सांगून टाकलंत तर तुम्हाला बोलावणार कोण?" "ज्याला जमतंय त्याने आपलं आपण करावं की! मला बोलावून पैसे कशाला घालवायचे?" आता यावर काय बोलायचं तुम्हीच सांगा. धंद्याच्या पानावर गिऱ्हाइकाला घरी पाठवणारी ही एकच बाई मी पाहिलीय.

व्हायचं तेच झालं. वेबसाइट जोरात चालली आणि धंदा औषधालाही नाही! फोन सकाळपासून सुरू. कुठकुठल्या छावण्यांमधून नवख्या बायका विचारायच्या, आंटी, मिक्सर का जार किसमें लपेटें? आंटी, तुलसी का गमला ट्रक में जाएगा क्या? काकू भाजी फोडणीला टाकून उत्तरं द्यायच्या, ओरडायच्या, मध्येच एखादी रडायला लागली तर गॅस बंद करून खुर्चीत बसायच्या. इथल्याच जानकीपुरमच्या एका बाईचं अख्खं घर त्यांनी फोनवरून बांधून दिलं. ती बाई एवढी खूश झाली, की दोन डबे रेवडी देऊन गेली. फी मात्र ना तिने विचारली ना यांनी मागितली. मी चिडून म्हटलं, "काकू, ही क्लायंट होती!" "ती कसली क्लायंट, पोर होती," काकू म्हणाल्या आणि मला रेवडी दिली. तिकडे मुलगा दर रविवारी विचारायचा, "आई, आया कोई?" काकू म्हणायच्या, "खूप येतात रे फोन." मे संपत आला तसं काकूंचं बोलणं कमी झालं. एकदा मी वर गेले तेव्हा त्या भिंतीवरच्या काकांच्या फोटोचा खिळा चाचपून बघत उभ्या होत्या. मला पाहून म्हणाल्या, "सैल झालाय का बघत होते." सैल बिल काही झाला नव्हता.

आणि त्याच आठवड्यात माझी ऑर्डर आली. भुवनेश्वर. कागद घेऊन मी वर गेले. काकूंनी तो वाचला, घडी घातली, उलगडला, पुन्हा वाचला. "कधी जायचंय?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, "काकू, घर तुम्हीच बांधा. रीतसर फी देऊन. तुमचंही काम होईल." तर अशा उसळल्या म्हणता! "घरच्यांकडून पैसे घेऊ? आणि पोराला फसवू? तो ओळखीचं नको म्हणालाय आणि तू तर रोज माझ्याकडची साखर नेतेस!" विषय संपला. मी तणतणत खाली आले. हट्टीपणाला काही सीमा? मग मलाही चेव आला. लॅपटॉप उघडला, त्यांचं होमपेज उघडलं, आणि तळाशी, जिथून आम्ही सुरुवात केली होती तिथल्या चौकशीच्या रकान्यांत, मी माझं नाव लिहिलं, पत्ता लिहिला, कुठून कुठे ते लिहिलं आणि पाठवून दिलं. वरच्या मजल्यावर फोन टिंग वाजलेला मला खाली ऐकू आला. संध्याकाळी उत्तर आलं: 'आपका संदेश मिला। घर देखने कल सुबह आ सकते हैं?'

दुसऱ्या दिवशी घंटी वाजली. आमच्या घराची घंटी काकूंनी आजवर कधी वाजवली नव्हती, त्या हाक मारत थेट स्वयंपाकघरात येतात. दार उघडलं तर इस्त्रीची साडी, हातात पिशवी, पायांत बूट. "नमस्कार. मॅडम, आपलं नाव?" आतून आमचे हे खो खो हसत सुटले. "साहेब, हसू नका, काम चाललंय," काकूंनी त्यांना दटावलं. मी चहा आणला तर म्हणे, क्लायंटकडे आम्ही घेत नाही. त्या लखनौच्या उन्हाळ्यात घर बांधून होईपर्यंत बाईने आमच्या माठातलं घोटभर पाणी घेतलं नाही, स्वतःची बाटली आणायच्या. "मॅडम, या कढया देणार की नेणार?" मॅडम! ज्या कढईत त्यांनी मला पुरणपोळीचं पुरण घोटायला शिकवलं, तीच कढई. काकूंच्या मुलाचा मला फोन आला, "दीदी, आप तो पड़ोसी हो।" मी म्हटलं, आईला विचार. काकूंनी फोन घेतला आणि ठणकावून सांगितलं, "मी या बाईंना ओळखत नाही. वेबसाइटवरून आल्यात." तिकडे तो खूप हसला. मग म्हणाला, "अच्छा आई, जीत गईं आप। रहो वहीं।" काकूंनी "बरं" म्हटलं, फोन मला दिला आणि माझ्या काचेच्या बरण्यांना चादर गुंडाळायला वळल्या.

ट्रक भरला. मी पाया पडायला वाकले तर दोन पावलं मागे सरकल्या. "क्लायंट पाया पडत नसतात, मॅडम." आता मात्र माझं डोकं फिरलं. "काकू, पुरे झालं हं तुमचं! पैज जिंकलात ना?" त्यांनी ट्रकच्या दोरीची गाठ पुन्हा ओढून पाहिली आणि हळूच म्हणाल्या, "ट्रक निघू दे. आत्ता तुला 'अगं' म्हटलं, तर मला पुढचं काही जमायचं नाही." मी तशीच गाडीत जाऊन बसले आणि कँटोन्मेंट ओलांडेपर्यंत रडले.

भुवनेश्वरला सगळं सुखरूप उतरलं. काही म्हणता काही फुटलं नाही. परवा काकूंचा फोन आला. आता पुन्हा पहिल्यासारखं अगं-तुगं सुरू आहे. खाली कोण राहायला आलंय विचारलं तर म्हणाल्या, "आहेत कोणी. साखर त्यांची त्यांच्याकडे असते." मग कामाचं बोलल्या. मुलगा आता हौसेने वेबसाइटीत लक्ष घालतोय; होमपेजवर क्लायंटचा अभिप्राय हवाच म्हणतो, आणि फी देणारी क्लायंट अजून मी एकटीच. "दोन ओळी लिही. कौतुक नको, आणि खोटं अजिबात नको." पहिली ओळ लगेच लिहून झाली: 'सामान व्यवस्थित पोचलं.' दुसऱ्या ओळीपाशी रोज अडते. खरं लिहायचं तर 'मी अजून पोचले नाही' असं लिहावं लागेल, आणि असलं काही वाचून त्यांच्याकडे घर बांधायला कोण देईल?