जावेची लेक आणि माझी

माझ्या जावेची लेक सकाळी पाटावर बसते आणि दोन्ही वेण्या घालून होईपर्यंत जागची हलत नाही. मी समोरच ओट्याशी पोळ्या लाटत असते, त्यामुळे हा सोहळा रोज बघावा लागतो. भांग सरळ, रिबिनीची फुलं अगदी सारखी. माझी लेक तिच्याच वर्गात आहे, वयानं थोडी मोठीच. पण तिच्या एका वेणीचे पेड पडतात न पडतात तोच ती अंगणात असते, आणि दुसरी वेणी मी तिच्यामागं पळत घालते. जाऊ मला कधी हसत नाही. उलट "मी घालू का गं?" म्हणून विचारते, आणि तेच मला झोंबतं. हसली असती तर भांडता तरी आलं असतं.

आमचं कळंबातलं घर एकत्र आहे, शाळेच्या तक्रारीही सगळ्यांसमोरच येतात. माझी लेक वर्गात बसत नाही, मध्येच बोलते, रांगेत कुणाला तरी ढकलते. एका मैत्रिणीच्या वाढदिवसाचं बोलावणं जावेच्या लेकीला आलं, माझ्या लेकीला नाही. जावेनं मग आपल्या लेकीलाही पाठवलं नाही. हा चांगुलपणा तर मला अजिबात सोसला नाही. त्या दिवशी मी तिच्याशी मीठ-मिरचीपुरतंच बोलले.

धाराशिवच्या डॉक्टरबाईंनी लेकीला बऱ्याच वेळा बघितलं, मला खोदून खोदून विचारलं, शाळेतल्या बाईंनाही विचारून घेतलं. मग म्हणाल्या, हिला मुद्दाम त्रास द्यायचा नसतो, हिचं मन एका जागी टिकत नाही. गोळी कमी ताकदीची सुरू करू, भूक आणि झोप बघत जाऊ, पण ठरवा तुम्ही. सासूबाईंचं मत पक्कं होतं की गोळ्यांनी पोरगी झापडीत जाते. नवरा म्हणाला, तू म्हणशील तसं. म्हणजे उद्या काही बिनसलं तर माझ्याच माथी.

गोळ्यांचं पाकीट फ्रिजवर पडून राहिलं. ही गोष्ट गेल्या हिवाळ्यातली. मला भीती गोळीची होतीच, पण त्याहून माझी स्वतःची होती. गोळी मला लेकीसाठी हवी होती की पाटावर बसलेल्या त्या दुसऱ्या पोरीची बरोबरी करायला, हे मला धड सांगता येत नव्हतं. त्यामुळे रोज पाकिटाकडं बघायचं आणि पोळ्या लाटायच्या.

तेवढ्यात वेळ अमावस्या आली, रानात जाऊन पिकाची पूजा करायचा आमच्याकडचा सण. ढोकीच्या रस्त्याला आमचं शेत आहे, तिथं कडब्याची कोप, म्हणजे खोपी, उभी केली होती. आत चुन्यानं रंगवलेले दगडांचे पाच पांडव, समोर आंबिलीनं भरलेली बिंदगी, पालेभाज्या-शेंगांची भज्जी, बाजरीचे उंडे. पूजा झाली की एकानं आंबिलीचा तांब्या घेऊन "ओलगे ओलगे सालम पोलगे" ओरडत शेताभोवती पळायचं आणि पिकावर आंबील शिंपडायची, ही आमची रीत. हे काम गड्यांचं. त्या दिवशी सासऱ्यांनी काय मनात आणलं कोण जाणे, तांब्या माझ्या लेकीच्या हातात दिला. "आपल्या घरात हिच्याएवढं कुणी पळत न्हाय," म्हणाले.

आणि ती काय पळाली! ज्वारीच्या ताटांतून नुसता तिचा आवाज फिरत होता. शेजारच्या कोपीतली माणसं बाहेर येऊन बघायला लागली. जावेची लेक पांडवांपाशी हात जोडून बसली होती, फ्रॉकला एक डाग नाही, आणि तिच्याकडं कुणाचंच लक्ष नव्हतं. खोटं कशाला सांगू, मला फार बरं वाटलं. मी जावेकडं मुद्दाम वळून बघितलं. पाकीट उद्याच डॉक्टरबाईंना परत करायचं, असंही ठरवून टाकलं.

फेरा पुरा झाला, तरी ती थांबली नाही. सासऱ्यांनी हाक मारली, नवऱ्यानं मारली. ती तशीच ओरडत आमच्या बांधावरून उतरली आणि थेट रस्त्यावर गेली. कारखान्याकडं उसाचा ट्रॅक्टर चालला होता, मागं दोन ट्रॉल्या. ड्रायव्हरनं कसा थांबवला त्यालाच ठाऊक. मी पोचले तेव्हा चाकापुढं तांब्या लवंडला होता आणि ती शेजारी उभी होती, पांढरीफटक.

मी हात उगारला. तो पडायच्या आत जावेनं तिला ओढून पोटाशी धरलं. माझ्या मांडीवर घटकाभर न टिकणारी पोर तिच्या पदरात मुकाट पडून राहिली. त्या वेळी मला जावेचा जितका राग आला, तितका ट्रॅक्टरवाल्याचाही आला नव्हता.

दुपारी सगळे चिंचेखाली आडवे झाले. मी कोपीत डबे आवरत होते, तेव्हा ती आत आली आणि पांडवांकडं बघत म्हणाली, "आई, मी बांधावर थांबणार होते. पाय थांबलेच न्हाईत."

तेवढ्यानं माझं ठरलं. पाय तिचे होते आणि तिच्याच ताब्यात नव्हते. यात जावेच्या लेकीचा काही संबंध नव्हता. दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंना फोन करून विचारलं आणि न्याहारी झाल्यावर गोळी तिच्या तळहातावर ठेवली. पलीकडं पाटावर वेण्या चालल्याच होत्या.

तिनं गोळी उलटीपालटी करून बघितली. मी म्हटलं, हिच्यामुळं तुला थांबायला सोपं जाईल. ती बराच वेळ मोठ्या आईकडं, म्हणजे माझ्या जावेकडं, बघत राहिली. मोठी आई लेकीच्या कानात काहीतरी सांगत होती आणि दोघी हसत होत्या.

"मग मी ही घेतली," ती हळूच म्हणाली, "की तू मोठ्या आईसारखी होशील का?"

या घरात जळणारी मी एकटीच आहे, असं मी समजत होते. मी तिला पाणी दिलं. गोळी गिळून झाल्यावर तिला पुढ्यात बसवून वेणी घालायला घेतली. अर्धी झाली तशी ती उठून अंगणात गेली, आणि मी न ओरडता फणी घेऊन तिच्यामागं गेले.