बिनब्रेकची सायकल आणि आईचे हंडे

माझ्या सायकलला ब्रेक नव्हता. शर्यतीच्या ट्रॅकवरच्या सायकलला तो नसतोच. वेग घ्यायचा तो पायांनी, आवरायचा तोही पायांनीच. हे आईला कळलं त्या दिवशी तिने घरात कायदा केला.

"ब्रेकबी पायातच हाय म्हन्तीस ना? मग पाय जप, हंड्याला हात लावायचा नाय."

दुष्काळाची वर्षं होती. आमचं शहर शेंद्र्याच्या नव्या औद्योगिक वसाहतीच्या दिशेने पसरत होतं. आमच्या नव्या वसाहतीत प्लॉट होते, रस्ते होते, फक्त नळ नव्हते. घरात आम्ही दोघीच. मी पहाटे शेंद्र्याच्या, कारखाने यायच्या आधीच्या रिकाम्या, रुंद रस्त्यांवर सराव करून यायची, पायांचा थकवा उतरावा म्हणून ते भिंतीला लावून पडायची आणि टँकरवरून हंडे आणणाऱ्या आईकडे दारातून बघायची. उठले की ओरडा.

"लेकीला महाराणी केलंय," शेजारणी म्हणायच्या.

"महारानी नाय, देशाची हाय ती."

तेव्हा तर मी जिल्ह्याचीही नव्हते!

पुढे खरंच भारताची जर्सी घातली, परदेशातल्या ट्रॅकवर उतरले. एकदा चौथी आले. पदक हुकलं म्हणून मी तोंड पाडून परतले, तर आईने गल्लीत पेढे वाटलेले. त्याच उन्हाळ्यात टँकरभोवतीच्या चिखलात ती घसरली. मी अनवाणी धावत सुटले. तिचं खुब्याचं हाड मोडलेलं, तोंड पांढरंफटक, आणि बाई रागावतेय मलाच.

"अनवानी कामून पळालीस? पायात काच गेली असती म्हंजे?"

मला रडू आलं आणि तिचा भयंकर संतापही आला.

तिला एकटं टाकून शिबिरांना जाववेना. सायकल सुटली. ज्या पायांसाठी तिने हाड मोडून घेतलं, ते घरातच थांबले.

आता शेंद्र्याला कारखाने आहेत, गल्लीत चार मजली इमारती आहेत. टँकर मात्र अजून येतो. आई अंथरुणाला खिळलीय, आणि तिच्या मनात जुने दिवस नि आजचे दिवस एकमेकांत मिसळलेत. टँकरचा हॉर्न वाजला की ती माझा हात धरते.

"उठू नको. पायाला आराम दे. मी आनते."

आणि खरंच उठायला धडपडते. सायकल सोडल्याचं एकदा सांगून पाहिलं, तर दिवसभर रडली. तेव्हापासून हॉर्न वाजला की मी तिच्या खाटेशेजारी भिंतीला पाय लावून पडते, तिचा डोळा लागेपर्यंत. तोवर टँकर निघून गेलेला असतो.