तीनदा पुढं ढकललेला व्हिडिओ

रविवारी कुंभारीला सासूबाईंकडे गेले, तर दारातच सगळे चेहरे उतरलेले. त्यांची शेळी पहाटे व्यायली होती... पहिलंच वेत, आणि करडू काही केल्या दूध ओढेना.

सासूबाईंनी, म्हणजे आमच्या आत्यांनी, आयुष्यात पहिल्यांदाच शेळी घेतलेली. गुरांच्या डॉक्टरांचा फोन लागत नव्हता आणि करडू मान टाकायला लागलं होतं. मी ऐटीत म्हटलं, फोन कशाला आहे आत्या, आत्ता शोधते.

आणि बसले बोट सरकवत. एक दादा म्हणतोय आधी बेल दाबा, दुसरा शेळ्यांवर बंगला कसा बांधला ते दाखवतोय, तिसऱ्याचं नुसतं म्युझिकच ढणढण... इकडे करडू बिचारं पोत्यावर निपचित. मला रडूच यायला लागलं.

मधूनमधून एक कानडी व्हिडिओ येत होता. हलता कॅमेरा, गोठ्यात बसलेली एक बाई, बाकी काही नाही. मला कानडी कळत नाही, म्हणून तीनदा पुढं ढकलला.

चौथ्यांदा आत्यांनी माझा हातच धरला.

"थांब की. कुटं पळवालीस तिला? ती बरोबर सांगायलीय."

आत्यांचं माहेर अक्कलकोटच्या पलीकडचं, कानडी मुलखातलं, हे मी साफ विसरले होते. लग्नाला अकरा वर्षं झाली, पण त्यांचं कानडी मी फक्त बहिणीशी फोनवर बोलताना ऐकलंय.

व्हिडिओ दोनदा ऐकून आत्या उठल्या. सडाच्या तोंडाशी घट्ट बसलेला चीक आधी पिळून मोकळा केला. मग करडाचं तोंड सडाला लावलं आणि शेळी चाटते तसं शेपटीच्या बुडाशी बोटानं चोळत राहिल्या.

बराच वेळ काहीच नाही... आणि मग ती इवलीशी शेपटी हलली. पाठोपाठ चुटुचुटु आवाज.

"पितंय की गं," आत्या म्हणाल्या आणि पदरानं डोळे पुसले. मी तर शेळीलाच मिठी मारली.

मग म्हणाल्या, "तिला कळवाय पायजे, करडू पिलं म्हनून." मी कमेंटच्या चौकटीतला माईक दाबून दिला, त्या कानडीत बोलल्या आणि अक्षरं उमटत गेली. त्या व्हिडिओखालची ती पहिलीच कमेंट.

सगळ्या जगाचा गलका हातात घेऊन बसले होते मी, आणि त्यातलं कामाचं ओळखणारं माणूस शेजारीच बसलं होतं. थँक्यू आत्या.

करडू आता अंगणभर उड्या मारतंय. व्हिडिओतल्या बाईंचं नाव कुठंच लिहिलेलं नाही... म्हणून आत्यांनी करडाचंच नाव अक्का ठेवलंय, कानडीत थोरल्या बहिणीला म्हणतात तसं.