धापा टाकणारा ट्रॅक्टर

१९४६ साली, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, श्रीरामपूरजवळच्या एका शेतावरचा जुना ट्रॅक्टर एका वेगात चालेनासा झाला. वेगाची मूठ एकाच जागी ठेवली तरी इंजिन घटकेत किंचाळे, घटकेत बंद पडायला येई आणि पडण्याआधी पुन्हा किंचाळे.

मी जवळच्या मिशनच्या शाळेत शिक्षक होतो. यंत्राबरोबर आलेले पुस्तक इंग्रजीत असल्यामुळे मला बोलावणे आले. यंत्रातले मला काही कळत नाही, असे मी मालकांना सांगितले.

"तुम्ही फक्त वाचा, मास्तर. कळायला हा आहे," मालकांनी ट्रॅक्टर चालवणाऱ्याकडे बोट दाखवले.

तो पन्नाशीचा होता आणि जन्मभर बैलांमागे चाललेला होता. ट्रॅक्टर आला तेव्हा त्याची बैलजोडी विकली गेली. आता रॉकेल मोजकेच मिळते म्हणून मालकांनी ट्रॅक्टरही विकायला काढला होता. कोपरगावकडचे एक बागाईतदार दुपारी तो पाहायला येणार होते. यंत्र नीट चालले तर सौदा होणार होता, आणि सौदा झाला की चालवणाऱ्याला शेतावर काम उरणार नव्हते.

पुस्तकात आधी रॉकेल तपासायला सांगितले होते. ते फडक्यातून गाळून पुन्हा भरले. मग कार्ब्युरेटर उघडून धुतला. मग प्लग घासले. इंजिन धापा टाकतच राहिले.

"काल ह्याला काय केलंस?" मालकांनी विचारले.

"काल पोळा हुता, मालक. पोळ्याला कुनी काम लावतं व्हय? हात बी लावला न्हाई."

पुढच्या पानावर गव्हर्नरचा मजकूर होता. इंजिनाचा वेग ही कळ आवरते. तिचा दांडा हाताने हलवून पाहावा, तो सैल हलला पाहिजे. दांडा इंजिनाच्या डाव्या अंगाला होता. तो लालभडक होता आणि सांध्यात घट्ट बसला होता.

"हे काय?" मी विचारले.

"हिंगूळ हाय, शिंगं रंगवायचा."

"इथे कशाला?"

"मंग कुठं लावू? शिंगं न्हाईत त्याला. जे वर आल्यालं दिसलं त्याला लावला. तुमीच म्हनला हुता मालक, ह्यो आता तुजा बैल."

"आणि म्हणे हात लावला नाही!"

"हात कुठं लावला? कुंच्यानं लावला."

तेलात कालवलेला हिंगूळ रात्रीत सांध्यात वाळला होता. रॉकेलच्या बोळ्याने तो पुसायला पाऊण तास लागला. सांध्यात तेलाचे दोन थेंब सोडून हँडल मारले, तेव्हा इंजिन एका सुरात चालू लागले. मालकांच्या चेहऱ्यावर समाधान होते. चालवणारा चाकावर हात ठेवून खाली बघत उभा होता.

बागाईतदार तीनच्या सुमाराला आले. त्यांनी डोळे मिटून आवाज ऐकला आणि मान डोलावली. "ब्येस चालतंय की," ते म्हणाले.

त्याच वेळी इंजिन किंचाळले. मग दम सोडला. मग पुन्हा किंचाळले.

"असं मधनंच का करतंय?" त्यांनी विचारले.

"अंगचा गुन हाय, सरकार," चालवणारा म्हणाला. "मनात आलं की वरडतं. पुस्तक वाचून दावलं, तरी ऐकत न्हाई."

तो डाव्या अंगाला रेलून उभा होता. त्याचा अंगठा दांड्यावर होता. मालक आणि बागाईतदार उजव्या अंगाला होते, मी डाव्या. मला कोणी काही विचारले नाही.

बागाईतदार चहा घेऊन, सौदा न करताच परत गेले. मालक त्यांना फाटकापर्यंत सोडून आले, तेव्हा इंजिन पुन्हा एका सुरात चालत होते. मालकांनी ते ऐकले, मग आधी दांड्याकडे आणि नंतर चालवणाऱ्याकडे पाहिले.

"उद्यापासून नांगरट धर," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी उजाडताच ओढ्याकडच्या पट्टीत नांगरट सुरू झाली. ट्रॅक्टरवर तोच होता.