सहा जिवंत, एक खरी

टाचणीबाई बावीस वर्षं एकच काम करत होत्या: पिनांचा ठोकळा यीस्टमध्ये बुडवायचा आणि प्लेटवर ठिपक्यांच्या रांगा उमटवायच्या. नाव त्या पिनांवरून पडलं म्हणतात. जिभेवरून पडलं, असं त्यांचा नवरा सांगतो. अर्थात बाई घरात नसताना.

काम तसं सोयरीक जुळवण्याचं. एक जनुक काढलेलं यीस्ट दुसरं जनुक काढलेल्या यीस्टशी लावून द्यायचं आणि दोन्ही नसलेलं पिल्लू जगतं का, ते बघायचं. ठिपका वाढला तर जगलं. जागा रिकामी राहिली तर समजायचं, ती दोन जनुकं एकमेकांची उणीव झाकत होती. दोन्ही गेली आणि कारभार आटोपला.

यंदा एकच जनुक घेऊन बाकी सगळ्यांशी लावून बघत होते, तर एका प्लेटवर सात जागा रिकाम्या निघाल्या. नवे सर म्हणाले, "बाई, हात चुकला तुमचा. पुन्हा करा."

हात चुकला! हे म्हणायची छाती बाईंच्या सासूलाही कधी झाली नव्हती. दातओठ खात त्यांनी तीनदा केलं. तिन्ही वेळा त्याच सात जागा, सरांच्या टाळूइतक्या स्वच्छ.

मग सरांचा सूर पालटला. "बाई, सात जोड्या! केवढा शोध! सोमवारी पाहुणे येतायत. तपासलं म्हणून रजिस्टरात सही करा."

"परवापर्यंत माझी चूक होती, आज तुमचा शोध झाला होय?"

"जुनं उकरू नका हो."

"मग नवं ऐका. ही सातही जनुकं आपल्या जनुकाच्या शेजारची. गुणसूत्राच्या एकाच धाग्यावर खेटून बसलेली. तो तुकडा पिल्लाला अख्खाच मिळतो, आईचा नाहीतर बापाचा. एकात एक जनुक नाही, दुसऱ्यात दुसरं. दोन्ही नसलेलं पिल्लू येणार कुठून? ती मेली नाहीत सर, जन्मलीच नाहीत!"

सर हसले. "तुम्ही ठिपके उमटवा, अर्थ लावायला आम्ही आहोत. सही नसेल करायची, तर काचसामान धुवायची खोली मोकळीच आहे."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण निव्वळ रागापायी त्यांनी आधीच एक उद्योग करून ठेवला होता. सोयरिकीची भानगडच नको, म्हणून एकाच पेशीतून दोन्ही जनुकं थेट काढायची, सातही जोड्यांची. ती प्लेट त्यांनी सरांच्या टेबलावर आदळली. सहा जागी गुबगुबीत ठिपके, सातवी कोरी.

"ही घ्या तुम्ही मारलेली सहा! कशी टुणटुणीत आहेत बघा."

"आणि ही सातवी?"

"ती खरी. अशी थेट काढून चारदा केली, एकदाही उगवली नाही. तिच्यापुढे करते सही."

"एकच? अहो, पाहुण्यांना एकच दाखवू?"

"सात दाखवा की! खाली सही तुमची. मी चालले बाटल्या घासायला."

टेबलावर सात जोड्यांचा रंगीत तक्ता छापून तयार होता. सरांनी एकदा त्याच्याकडे, एकदा बाईंकडे बघितलं, आणि पेन उघडून सहा ओळी खोडल्या. शेवटची खोडताना कागद टरकन फाटला. बाईंनी रजिस्टर ओढलं, उरलेल्या एका जोडीपुढे तारखेसकट सही ठोकली, आणि सर "थँक्यू" म्हणेपर्यंत दार धाडकन आपटलंसुद्धा होतं.