पालथी न घातलेली पाटी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही — आणि त्याला तर मी मला पडलेली स्वप्नंसुद्धा चहाबरोबर सांगायचे. आता साताऱ्यात गच्चीवर ऊन खात बसलं की डोळा लागतो, आणि त्या डुलकीत माधवनगरची दुपार येते. मागांची खटखट, खिडकीतून तरंगत आत येणारा कापसाचा भुरा, टेबलावरची माझी पाटी. पाटी दिसली की मी जागी होते.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती. मी तिथल्या प्राथमिक शाळेत दुसरीच्या वर्गावर होते. बावन्न मुलं, आणि त्यांत इंदू. तिची आई घरी मागासाठी कांड्या भरायची, त्यामुळे पोरीच्या केसांत कायम सुताचे धागे असत. इंदू बोलायची नाही, नजर द्यायची नाही, हाक मारली तर वळायची नाही. आज अशा मुलांना स्वमग्न म्हणतात, त्यांच्यासाठी शिक्षक वेगळं शिकून येतात. तेव्हा गल्लीत तिच्यासाठी एकच शब्द होता — येडी. मीही मनात तोच वापरला असेल. असेल कशाला? वापरला.

मागांचा आवाज तिला दिवसभर चालायचा. पण शाळेची घंटा — म्हणजे लिंबाला टांगलेला रुळाचा तुकडा, शिपाई त्यावर लोखंडी दांडा हाणायचा — ती झाली की इंदू किंचाळायची, भिंतीवर डोकं आपटायची, जवळ असेल त्याला चावायची. मी रागावले, कोपऱ्यात उभं केलं, एकदा छडीही मारली. काही उपयोग झाला नाही.

मग उपाय सापडला, आणि तोही माझ्या हुशारीने नव्हे. घंटेची वेळ झाली की घड्याळ बघून हातातली पाटी टेबलावर पालथी घालायची मला सवय होती. एके दिवशी पाटी पालथी पडताच इंदूने दोन्ही कान झाकले आणि डुलत, गुणगुणत बसली. घंटा झाली. ती ओरडली नाही! मला इतका आनंद झाला की गणित सोडून मी वर्गाला गोष्ट सांगितली. तेव्हापासून तो आम्हां दोघींचा ठराव — प्रत्येक घंटेआधी पाटी पालथी. दीड महिना एकही किंकाळी नाही. हे मी शाळेत कुणाला सांगितलं का? नाही. बाईंची जादूची पाटी म्हणून बाकीचे गुरुजी हसतील, याची लाज वाटली.

आणि मग मला ताप आला. दोन दिवस दुसऱ्या गुरुजींनी वर्ग सांभाळला, त्यांना पाटीचं काय ठाऊक? इंदू शेजारच्या मुलीला चावली. पालक भांडायला आले. हेडमास्तर म्हणाले, बुधवारी मी स्वतः वर्गात बसतो. मधल्या सुट्टीची घंटा होऊन गेली तरी पोर शांत राहिली तर ठेवू, नाहीतर नाव कमी.

बुधवारी इंदूची आई काम टाकून आली, दाराशी बसली. पोरीला न्हाऊमाखू घातलेलं. त्या दिवशी तिच्या केसांत एकही धागा नव्हता.

आता सांगायलाच हवं — मी दमले होते. पाणी प्यायला बाहेर गेले तरी जीव घड्याळात. रोज ती पाटीवर खिळलेली नजर. मला एक मोकळी दुपार हवी होती. एवढंच. कारण मोठं असतं तर सांगताना तरी बरं वाटलं असतं, नाही का?

तीन मिनिटं राहिली. पाटी माझ्या हातात होती. भुरा उन्हात हळूहळू खाली येत होता, सगळा वर्ग पेंगुळलेला, आणि इंदू — इंदू माझ्या पाटीकडे बघत होती. वाट बघत होती. दोन मिनिटं. एक. मी पाटी तशीच धरून ठेवली.

घंटा झाली. तिला आवरायला आई धावली, तर ती आईच्याच हाताला चावली. हेडमास्तरांनी हजेरीपट मागवला आणि तिच्या नावावर लाल रेघ ओढली. जाताना तिची आई, रक्ताळलेला हात पदरात गुंडाळून, मला म्हणाली, "बाई, तुमी लय सोसलंसा. माझ्याच पोरीचं नशीब तसं हाय, तुमी तरी काय करणार?" मी मान हलवली. दुःखी चेहराही केला.

दुसऱ्या दिवशी मोकळी दुपार मिळाली. मुलं बेरजा करत होती. मी खिडकीशी गेले, तर रस्त्यापलीकडच्या कट्ट्यावर इंदू बसलेली. मांडीवर तिची पाटी. शिपाई दांडा घेऊन लिंबाकडे निघाला, तो तिला तिथून दिसला असणार — तिने स्वतःच पाटी पालथी घातली आणि कान झाकले. घंटा झाली. ती डुलत राहिली. म्हणजे तिला नुसतं खिडकीशी बसवलं असतं तर माझीही गरज लागली नसती.

हेडमास्तर व्हरांड्यातच उभे होते, दहा पावलांवर. त्यांना हाक मारून दाखवता आलं असतं. मी खिडकी लोटून घेतली आणि फळ्यावर पुढची बेरीज लिहिली.