सहाव्या लेनमधला आवाज

घरात तिला सगळे धाकटी म्हणत. थोरली जाऊन सहा वर्षं झाली, तरी हे नाव काही सुटलं नाही. थोरलीला सोळाव्या वर्षी ताप भरला काय आणि तीन दिवसांत ती गेली काय, कुणाला नीट कळलंसुद्धा नाही. धाकटी तेव्हा दहाची. महिना उलटला नाही तोच बाबांनी थोरलीची रबरी टोपी तिच्या डोक्यावर ओढली आणि तिला पोहण्याच्या तलावावर नेलं. केस ओढले गेले, डोळ्यांत पाणी आलं, पण ब्र काढायची सोय नव्हती.

बाबा खिडक्यांना काचा बसवायचे. काम आटोपलं की हातावरच्या ओरखड्यांसकट तलावाच्या काठावर हजर, गळ्यात स्टॉपवॉच. आई लोकांचे कपडे उसवून पुन्हा मापात शिवून द्यायची. थोरलीचा पोहण्याचा पोशाख तिने आधी आवळला, मग दरवर्षी बोटभर सैल करत नेला. इलास्टिक मेलं, ते बदललं. पाठ विरली, तिथे दुसरं कापड जोडलं. पोरीला सरळ नवा पोशाख घ्यावा, हे मात्र कुणाच्या तोंडून निघेना.

आवाज पहिल्यांदा आला तेव्हा ती तेरा वर्षांची होती. दुपारची वेळ, बंदिस्त तलाव, छताच्या काचांतून उतरणारा फिका उजेड. ती पाचव्या लेनमध्ये होती. डोकं पाण्याखाली गेलं की शेजारून पाय मारल्याचा आवाज यायचा. धप, धप, धप. एका लयीत, तिच्या जरासा पुढे. श्वासाला तोंड वर काढलं की काही नाही. सहावी लेन रिकामी. पाणी इस्त्री फिरवल्यासारखं सपाट.

चार दिवस तिने कुणाला सांगितलं नाही. पाचव्या दिवशी बाबांना सांगितलं. वाटलं, हसतील, नाहीतर ओरडतील. पण बाबांचा चेहरा उजळला.

"किती पुढे?"

"अं?"

"ती किती पुढे असते? हातभर, की अख्खं अंग?"

बाबा थोरलीबद्दल विचारत होते. पाण्यातल्या त्या आवाजानेसुद्धा तिला इतकी भीती वाटली नव्हती. मग ते रोजचंच झालं. टॉवेल हातात द्यायच्या आधी बाबा वाकून, अगदी हळू विचारायचे, "आज किती पुढे?" आणि ती सांगायची. हातभर. वीतभर. आज पुन्हा हातभर. तिने शर्यती जिंकल्या, पदकं थोरलीच्याच खिळ्याला लटकली, पण सहाव्या लेनमधलं कुणी तिच्या हाती लागलं नाही.

तिला सोळावं लागलं, तेव्हाची गोष्ट. एके दिवशी बाबांना यायला उशीर झाला. सराव उरकून ती पाठीवर झाली आणि संथ हात मारत निघाली. असं पोहताना तिला खांदे आपले वाटायचे. काठावर तलावाचे राखणदार बसले होते. सतत शिट्टी फुंकतात म्हणून सगळी पोरं त्यांना शिट्टीकाका म्हणायची.

"अगं, हे तुझं खरं पोहणं! पाठीवरच्या शर्यतीत का उतरत नाहीस?"

"ताई पाठीवर पोहायची नाही."

काका शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत राहिले. "तुझ्या ताईला शेवटी शेवटी पाण्यातच उतरायचं नसायचं. मला विचारायची, काका, सहाव्या लेनमध्ये कोण असतं हो? मला त्याच्या पुढे जाताच येत नाही."

धाकटीला पाणी एकदम गार लागलं. म्हणजे ती ताई नव्हती. ताईसुद्धा याच पाचव्या लेनमध्ये, तिच्याचसारखी, कुणाच्या तरी मागे धापा टाकत होती.

बाबा आले, वाकले. "आज किती पुढे?"

"बाबा, ती ताई नाही. ताईलाही तो आवाज यायचा."

बाबांनी गळ्यातलं स्टॉपवॉच मुठीत धरलं.

"तुम्हाला माहीत होतं?"

"तिने सांगितलं होतं मला," ते खाली बसले, बुटांसकट ओल्या फरशीवर. "आणि मी तिलाही हेच विचारलं. किती पुढे म्हणून." मग माणूस हमसाहमशी रडला. धाकटी पाण्यातून बाहेर आली नाही आणि तिने त्यांना गप्पही केलं नाही. ती म्हणाली, "मी यापुढे पाठीवर पोहणार. आणि मोजायचं नाही."

घरी आल्यावर तिने तो जोडाजोडीचा पोशाख आईपुढे ठेवला. "मला माझ्या मापाचा दे." आई पोशाखावर हात फिरवत बसली. मग टेप काढला आणि किती वर्षांनी पोरीला उभी करून, पुढून मागून नीट पाहत तिचं माप घेतलं. "खांदे केवढे भरलेत गं तुझे," ती पुटपुटली.

पाठीवरच्या पहिल्या शर्यतीत धाकटी चौथी आली. बाबा प्रेक्षकांत बसले होते. रिकाम्या हातांचं काय करावं ते त्यांना सुचत नव्हतं. निम्म्या अंतरावर तिचे कान पाण्यात असताना धप-धप सुरू झालंच. आवाज शेजारी आला, बरोबरीने चालला, जणू तिची वाट पाहत होता. तिने वेग वाढवला नाही. छताच्या काचांकडे बघत आपल्या लयीत हात मारत राहिली, आणि तो पुढे निघून गेला.

परतताना बाबा म्हणाले, "तुझी ताई गाताना फार बेसूर व्हायची, आठवतं?" तिला आठवत नव्हतं. "सांगा ना," ती म्हणाली.